भट्टीत जाण्याआधी वाइसवरची अक्षरं वाचा

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. ज्यांच्या घरी, गॅरेजात, बंद पडलेल्या जिनिंगमध्ये किंवा वडिलांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये एखादा जुना वाइस धूळ खात पडला असेल, त्यांनी तर नक्की वाचा.

मागच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका शासकीय संस्थेत निर्लेखनाचा लिलाव झाला. निर्लेखन म्हणजे सरकारी भाषेत 'ही वस्तू आता आमच्या वहीत नाही.' मोडके बाक, पंखे, पत्र्याची कपाटं आणि त्यातच बिडाचे जुने वाइस. सगळ्यांचा एकच ढीग, एकच वजनकाटा. एका वाइसवर रंगाच्या चार थरांखालून 'शेफील्ड' ही अक्षरं दिसत होती. त्याचे आटे चांगले होते, जबडे सरळ होते, दांडी फिरवली तर फिरत होती. पंख्याच्या पात्यांबरोबर तोही टेम्पोत चढला. बातमी म्हणून हे कुठं छापून येणार नाही, म्हणून इथं लिहितोय.

वाइस माहीत नाही असा मिस्त्री नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. टेबलाला बोल्टनं जखडलेला लोखंडी जबडा. दांडी फिरवली की एक जबडा पुढं सरकतो आणि वस्तू घट्ट धरतो. मग दोन्ही हात मोकळे. कानस मारा, करवत चालवा, आटे पाडा. मराठी तांत्रिक पुस्तकांत याला शेगडा म्हणतात. बोलताना मात्र तो शब्द कोणी वापरत नाही, सगळे वाइसच म्हणतात.

आपल्या गावच्या लोहाराकडं ऐरण होती, भाता होता, घण होता, धरायला सांडशी होती. सांडशी धरायला एक हात जातो किंवा दुसरा माणूस लागतो. बैलगाडीची धाव, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांना तेवढं पुरायचं. (धावडा हे आपल्या गावाचं नाव तसं झाडाचंही. त्याचं लाकूड इतकं चिवट, की गाडीचा कणा आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच करत. म्हणजे अवजारांशी नातं नावातच आहे.) पण जिथं दोन पृष्ठभाग एकमेकांवर केसाइतकेही न हलता बसवायचे असतात, तिथं सांडशी चालत नाही. तसं काम आपल्या भागात यंत्रांबरोबर आलं, आणि यंत्रांबरोबरच वाइस आला.

मराठवाड्यात तो मुख्यतः दोन वाटांनी आला. पहिली वाट रेल्वेची. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची मीटरगेज लाइन 1900 च्या आसपास टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि जालना तिच्यावर आलं. या रेल्वेचं मोठं वर्कशॉप सिकंदराबादजवळ लालागुड्याला. इंजिन म्हटलं की फिटर आला, आणि फिटर म्हटलं की वाइस आला. दुसरी वाट कापसाची. जालन्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये यंत्रं विलायतेची होती. एखादा दांडा तुटला तर नवा बोटीनं यायला महिने लागणार, आणि हंगाम तर तीन-चार महिन्यांचा. म्हणून प्रत्येक मोठ्या जिनिंगमध्ये मागं एक छोटी खोली असायची: एक लाकडी टेबल, एक-दोन वाइस, कानशींचा खण आणि एक फिटर. मालकाच्या गादीइतकीच ती खोली महत्त्वाची होती. त्या फिटरचं नाव मात्र कुठल्याच गॅझेटियरमध्ये नाही.

पुढं निजामाच्या रेल्वेनंच मोटारगाड्या काढल्या. जून 1932 मध्ये 27 बस घेऊन रस्ते वाहतूक सुरू झाली. आपण जिला एसटी म्हणतो ती मुंबई राज्यात 1 जून 1948 ला सुरू झाली, म्हणजे आपल्याकडं सरकारी बस तिच्या सोळा वर्षं आधीची. बस म्हणजे परत डेपो, डेपो म्हणजे परत वाइस. नंतर ऑइल इंजिन आलं. विहिरीवर इंजिन बसलं, आणि 1972 च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या तशी इंजिनांची गरजही वाढली. भोकरदन तालुक्यातल्या मोठ्या गावांत इंजिन दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले. शिकून आलेले थोडे, बघून शिकलेले जास्त. या मिस्त्र्यांचे वाइस कुठून आले? कंपनीचा नवा घेणं परवडत नव्हतं. कुणी बंद जिनिंगच्या लिलावातून घेतला, कुणी औरंगाबादच्या जुन्या बाजारातून, कुणी उस्तादानं जाताना दिला. म्हणून खेड्यातल्या मिस्त्रीच्या टेबलावर आजही असा वाइस सापडतो, जो आधी तीन ठिकाणी राबून आलेला असतो.

आणि हा सगळा प्रवास त्याच्या अंगावर लिहिलेला असतो. माझा मुद्दा एवढाच आहे. वाइस सोन्याचा नाही, सुंदरही नाही. पण आपल्या भागात कामगारांनी मागं ठेवलेले कागद फार कमी आहेत. मालकांच्या वह्या असतात, सरकारी अहवाल असतात. कामगाराच्या बाजूनं बोलणारी वस्तू म्हणजे हीच.

अक्षरं कशी वाचायची ते सांगतो. रेल्वेच्या सामानावर कंपनीची आद्याक्षरं ठोकत. 'एनजीएसआर' असेल तर तो निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वेचा, म्हणजे 1930 च्या आधीचा, कारण त्या वर्षी निजाम सरकारनं ही रेल्वे विकत घेतली आणि नावातलं 'गॅरंटीड' गेलं. 'एनएसआर' असेल तर 1930 नंतरचा. 1951 मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली आणि ते नावही संपलं. 'जीआयपी' असेल तर मनमाड-मुंबईकडचा. तोही 1951 च्या आधीचा. नुसता एक बाण ठोकलेला असेल तर लष्करी किंवा सरकारी मालाची ती खूण. बघा, तीन-चार अक्षरांत किती काळ सापडतो.

बनवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा ओतकामातच उठावदार असतं. 'रेकॉर्ड' म्हणजे शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा. मूळ रंग निळा. त्यावरचा आकडा हा जबड्याचा इंच नव्हे बरं का. रेकॉर्ड नं. 3 चा जबडा चार इंची असतो. भंगारवाले आणि विकणारे दोघंही इथं घोळ घालतात. 'पार्किन्सन' म्हणजे यॉर्कशायरमधल्या शिप्ली गावचा. त्याला खाली एक खटका असतो. तो दाबला की स्क्रू सुटतो आणि जबडा दांडी न फिरवता सरळ ओढता येतो. हा खटका अनेकांना माहीतच नसतो, त्यामुळं 'याचे आटे गेलेत' असं म्हणून चांगला वाइस भंगारात जातो. स्वातंत्र्यानंतरचे आपले वाइस जास्त करून पंजाबचे, जालंधर-लुधियानाकडचे. तेही टाकाऊ नाहीत. साठ-सत्तरच्या दशकातला देशी वाइस हाही आपल्या औद्योगिकीकरणाचाच पुरावा आहे. फक्त इंग्रजांचं तेवढं जपायचं हा गुलामीचा शौक मला मान्य नाही.

अमेरिकेत लोक हे हौसेनं जमवतात. शिकागोत 1941 मध्ये सुरू झालेल्या विल्टन कंपनीच्या गोळीच्या आकाराच्या वाइससाठी तिथं चढाओढ असते. आपल्याकडं चढाओढ आहे ती वजनाची.

आता जालन्याचं बोलू. जालना म्हणजे सळई. तिथल्या भट्ट्यांचं मुख्य अन्नच भंगार आहे. देशभरातून, परदेशातूनही येतं. हजारो घरं त्यावर चालतात आणि त्याला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. वाइस बहुतेक बिडाचा असतो (बीड म्हणजे आपला शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड). बिडाचं भंगार सहसा वेगळं काढतात आणि ते फाउंड्रीकडं जातं, थोडंफार पोलादाच्या भट्टीतही पडतं. कुठंही गेलं तरी अक्षरं वितळतात.

वितळवणं हे पाप आहे असंही नाही. पहिल्या महायुद्धात विलायतेचं लोखंड यायचं थांबलं, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना अडचणीत आला होता. कारखाना औंध संस्थानात, 1910 ला माळरानावर उभा राहिलेला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांना दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. तोफ जाऊन नांगर आला, शेतकऱ्याचा फायदा झाला. निर्णय योग्यच होता. पण तेव्हा लोखंड मिळत नव्हतं आणि काय वितळवतोय हे महाराजांना पुरेपूर माहीत होतं. आज लोखंडाची टंचाई नाही. आज आपण न वाचताच वितळवतोय.

ज्यांच्याकडं वाइस आहे आणि तो पुन्हा उभा करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आधी फोटो काढा, मग हात लावा. ग्राइंडर मारू नका. गंजाबरोबर अक्षरंही जातात, आणि अक्षरं गेली की राहतं फक्त वजन. अडकलेल्या स्क्रूला डिझेल किंवा रॉकेल सोडून दोन-चार दिवस थांबा. दांडीला पाइप घालून जोर लावला तर बीड वाकत नाही, सरळ फुटतं. त्याच कारणानं बिडाच्या वाइसवर घण मारायचा नसतो. ठोकायचं काम लोहाराच्या लांब पायाच्या वाइसचं, कारण तो घडीव लोखंडाचा असतो आणि मार पायातून जमिनीत जातो.

गंज फार असेल तर प्लास्टिकच्या टबात पाणी घ्या, त्यात धुण्याचा सोडा टाका, वाइस बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. रात्रीतून बराच गंज मोकळा होतो. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. धन टोकाला स्टीलची वाटी-ताटली लावायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावरच करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगीनं पेटतो. हात घालण्याआधी चार्जर बंद. बाहेर काढल्यावर लगेच कोरडं करून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. तडा गेला असेल तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून साध्या रॉडनं चिकटवू नका, शेजारी नवा तडा जातो. बिडाला निकेलचा रॉड, आधी शेक आणि नंतर हळूहळू थंड करणं लागतं. नाहीतर पितळेची झाळ. जबड्याच्या पट्ट्या झिजल्या असतील तर त्या स्क्रूनं बसवलेल्या असतात, लेथवाला नव्या करून देतो. जुन्या फेकू नका, चिठ्ठी बांधून ठेवा.

ठेवायचं कसं? आपल्याकडं मिरचीच्या, खताच्या गोण्या ठेवतो त्याच खोलीत भंगार टाकायची सवय आहे. खताच्या गोणीजवळ लोखंड ठेवूच नये. खत हवेतली ओल ओढतं आणि लोखंड खातं. वाइस जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेवा. जबडे कच्च आवळून ठेवू नका, बोटभर फट राहू द्या, म्हणजे मध्ये ओल धरत नाही आणि आट्यांवर ताण राहत नाही. आट्यांना ग्रीस, बाकी अंगाला तेलाचा हात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर आतल्या आत घाम येतो. सुती कापड टाका. सगळ्यात चांगलं म्हणजे वापरात ठेवा. रोज फिरणारी दांडी गंजत नाही.

सरकारी पातळीवर मागणी मोठी नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. इथल्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची तुलना पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम आपण काचेत ठेवतो, आणि आजोबांच्या काळातल्या कारागिराचं काट्यावर. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवले, तेव्हा लोकांनी हसूनच घेतलं असणार. आज तेच बघायला लोक तिकीट काढतात. आपल्याला एवढं मोठं संग्रहालय नको. निर्लेखनाच्या समितीनं यादी करताना 'वाइस, नग 10' एवढंच न लिहिता त्यावरची अक्षरं आणि आकडा लिहावा, आणि खूण असलेला एक नग तरी संस्थेच्याच दारात, पाटीसकट ठेवावा. आयटीआयमध्ये तर हे सहज होईल. फिटर ट्रेडचा पोरगा पहिले कितीतरी दिवस वाइसपुढं उभा राहून कानसच मारतो. त्याला आधी तिथं कोण उभं होतं हे कळायला काय हरकत आहे? शासन निर्णयाची वाट न बघता प्राचार्यांनी मनावर घेतलं तर कपाटाच्या किमतीतही हे काम होतं.

धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई, भोकरदन या भागात ज्यांच्याकडं जुना वाइस आहे, त्यांनी अक्षरांवर पांढरा खडू आडवा घासावा, फोटो काढावा आणि मला पाठवावा. खडूनं उठाव लगेच दिसतो. फोटो तीन काढा: नावाचा, मागच्या बाजूचा आणि जबड्याच्या खालचा, कारण ठोकलेली खूण बहुतेक वेळा तिथंच असते. सोबत एवढंच लिहा: तो कुठून आला आणि त्यावर काम कोणी केलं. विकत मागणार नाही. यादी करतोय.