लंबदुभाजकाच्या समीकरणातला मासा

'लंबदुभाजक' या शब्दातला 'लंब' मुळात गवंड्याचा आहे. संस्कृत 'लम्ब्' म्हणजे लोंबणे, आणि भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबाही त्याच धातूचा. लंब आधी 'लांब' होता, काटकोनाचा अर्थ मागाहून चिकटला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. उभेपणा तपासायला आर्यभट लंबकच सांगतो, आणि लॅटिन 'पर्पेंडिक्युलम' म्हणजेही ओळंबाच. पण सपाट जमिनीवर ओळंबा टांगणार कुठे? म्हणून नाव गवंड्याचं असलं, तरी लंबदुभाजक काढायची कृती दुसरीकडून आली असली पाहिजे. ती सूर्यसिद्धांतात सापडते. शंकू म्हणजे जमिनीत उभी रोवलेली काठी; तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल ते दोन बिंदू म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. मग त्या दोन बिंदूंवर केंद्र धरून सारख्या त्रिज्येची दोन वर्तुळं एकमेकांत घुसवली की मधे मासा तयार होतो. त्याच्या तोंडातून शेपटीत जाणारी रेषा दक्षिणोत्तर. शंकूचा पाया दोन्ही बिंदूंपासून सारखाच दूर, म्हणून तोही तिच्यावरच येतो.

माझा दावा असा, की निर्देशक भूमितीतलं लंबदुभाजकाचं समीकरण या माशाचंच आहे. (१, २) आणि (५, ४) घ्या. दोन्हींपासूनच्या अंतरांचे वर्ग समान मांडले, की क्ष आणि य यांचे वर्ग दोन्हीकडून उडतात आणि २क्ष + य = ९ उरतं. दोन सारख्या वर्तुळांची समीकरणं वजा केली तरी हेच येतं. म्हणजे ही माशाचीच रेषा. शाळेत मध्यबिंदू काढून चढाचा ऋण व्यस्त घेतात, ती वाट जवळची वाटते, हे खरं. पण (१, २) आणि (५, २) घेतले की चढ शून्य, आणि शून्याचा व्यस्त नाही. माशाच्या वाटेने क्ष = ३ बिनबोभाट मिळतं. निर्देशक भूमिती मांडणाऱ्या फर्माला आपला मासा कुठे ठाऊक होता, हा आक्षेप रास्त आहे, आणि उसनवारीचा दावा मी करतही नाही. पण अपोलोनियसच्या हरवलेल्या बिंदुपथांच्या ग्रंथाची फेरमांडणी करणारा फर्माच १६३६ च्या सुमारास समीकरणांच्या भूमितीकडे वळला. दोन बिंदूंपासूनच्या अंतरांचं गुणोत्तर कायम असेल तर वर्तुळ, आणि अंतरं समान असतील तर सरळ रेषा, हा विषय त्याच ग्रंथातला. तिथेही चढ नव्हता, अंतरंच होती.