मशिदीपुढे थांबणारा बँड

काही महिन्यांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावावर निघालेली एक जाडजूड स्मरणिका हाती आली. वकील, डॉक्टर, स्वातंत्र्यसैनिक, पैलवान, भजनी मंडळे, पहिला पेट्रोल पंप, सगळे त्यात आहे. ज्या बँड पार्टीशिवाय गावात वर्षानुवर्षे वरात निघाली नाही, तिच्याबद्दल एक ओळ नाही. विसर्जन मिरवणुकीचा एक जुना फोटो मात्र आहे. त्यात गणपतीच्या गाड्यापुढे लाल कोटातली दहा-बारा माणसे पाठमोरी दिसतात. खाली छापलेय, ‘मिरवणुकीतील उत्साही गावकरी’.

त्या पाठी मी ओळखतो. डावीकडून दुसरी बँडमास्तरांची. बहुतेक वादक आमच्या मोहल्ल्यातले, उरलेले शेजारच्या मातंगवाड्यातले. बँडचे नाव लिहीत नाही, कारण त्याच नावाचे बँड मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. आम्ही नुसते ‘अपना बँड’ म्हणायचो.

हे वाद्य मुळात पलटणीचे. इंग्रजांच्या छावण्यांतून ते संस्थानांच्या फौजांत गेले आणि फौजेतून निवृत्त झालेल्यांबरोबर बाजारात आले. मेरठमध्ये १८८५ साली नादिर अली यांनी वाद्यांची पेढी सुरू केली. तिथल्या जली कोठी भागात आजही पितळी वाद्ये तयार होतात आणि देशभरच्या बँडवाल्यांना पुरवली जातात. आमचा भाग निजामाच्या राज्यातला. १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर ते सैन्य मोडले. आपले वडील त्याच सैन्यात बिगुल वाजवायचे, असे मास्तर सांगत. कागद काही नव्हता. पण बँड उभा करताना ‘अटेन्शन’ असे ते ज्या आवाजात म्हणत, तो आवाज घरात कुणीतरी ऐकलेला असल्याशिवाय येत नाही.

बँडचे दुकान म्हणजे बसस्टँडजवळची एक खोली. खुंट्यांना टांगलेले ट्रम्पेट, कोपऱ्यात मोठा ढोल, मापाचा विचार न करता शिवलेले लाल कोट आणि एक टेपरेकॉर्डर. नवे गाणे आले की मास्तर कॅसेट मागे-पुढे करत आणि एका वहीत सरगम उतरवत. उजवीकडून डावीकडे, उर्दू लिपीत. सा, रे, ग लिहायला तेवढीच लिपी त्यांना येत होती. ‘आदमी सडक का’ हा १९७७चा चित्रपट आज कुणाला आठवत नाही, पण त्यातल्या रफींच्या गाण्याची रवी यांनी बांधलेली चाल नवरदेव दारात आल्यावर अजूनही वाजते. त्याहून मोठी मागणी ‘नागिन’च्या पुंगीला. १९५४च्या त्या चित्रपटातली पुंगी खरी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिन नावाच्या विलायती वाद्यावर वाजवली होती. तिची नक्कल आमचे मास्तर क्लॅरिनेटवर करत आणि खाली जमिनीवर नवरदेवाचे मित्र लोळत.

धंदा तुळशीच्या लग्नापासून आषाढाच्या तोंडापर्यंतचा. चातुर्मासात हिंदूंची लग्ने नाहीत, मोहरममध्ये आमची नाहीत. मध्ये गणपती, एखादा उरूस. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत असतो, तिकडे संदलला जायचे म्हणजे दोन दिवसांची मजा. बाकीचे महिने हीच माणसे रंगकाम करायची, गाद्या पिंजायची.

१९८७ साली रमजान भर मे महिन्यात आला. लग्नाची तिथी दाट, ऊन चाळीसच्या वर, आणि निम्मा बँड रोजाने. पितळी वाद्यात हवा भरायची तर छातीत दम लागतो आणि क्लॅरिनेटची रीड तोंडात ओली ठेवावी लागते. मास्तरांनी क्लॅरिनेट आपल्या शागिर्दाच्या हाती दिले. तो मातंग समाजातला, विशीतला, बापाकडून हलगी शिकून आलेला. “तू फूक, मैं ताल सँभालतूं,” म्हणत स्वतः साइड ड्रम गळ्यात अडकवला. महिनाभर त्या पोराने बँड ओढला. ईदनंतर मास्तरांनी क्लॅरिनेट परत मागितले नाही. माझ्या मते आमच्या गावातला तो सर्वांत चांगला वादक होता, उस्तादांपेक्षाही. पण हे मी आज म्हणतो. तेव्हा मला काय कळत होते?

त्याच वर्षी मी बँडमध्ये होतो. चौदा-पंधरा वर्षांचा, काम खुळखुळा वाजवण्याचे. गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायकांच्या बरोबरीने माझी हजेरी. दीड महिना निभावला. अब्बा उर्दू शाळेत मास्तर. त्यांना कळले तेव्हा मारले नाही. एवढेच म्हणाले, “शरीफों के बच्चे बाजा नहीं उठाते.” दुसऱ्या दिवसापासून बँड समोरून आला की मी गल्ली बदलायचो.

आता त्या फोटोकडे वळतो. विसर्जनाची मिरवणूक जुम्मा मशिदीपुढून जायची. मशिदीच्या शंभर पावले अलीकडे मास्तर उजवा हात वर करत आणि बँड गप्प व्हायचा. नुसती पावले वाजत. मशीद ओलांडली की हात खाली आणि तिथेच तुटलेली आरतीची चाल पुन्हा सुरू. कधी पोलिसांना सांगावे लागले नाही, कधी कुणी ओरडले नाही.

मशिदीपुढे वाद्य हा या देशातल्या दंगलींच्या इतिहासातला ठरलेला मथळा आहे. १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली, त्याच सुमारास टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. १८९४ मध्ये पुण्यात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपुढे मिरवणुकीच्या वाद्यांवरून मारामारी झाली. त्याआधी पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत मोठ्या संख्येने सामील व्हायचे, ते त्यानंतर कमी झाले. या सगळ्या चर्चेत वाजवणारा हिंदू आणि ऐकून चिडणारा मुसलमान, अशी विभागणी गृहीत धरलेली असते. आमच्या गावात वाजवणाराच मुसलमान होता. कुठे थांबायचे हे त्याला ठाऊक होते, कारण आत नमाज पढणारा त्याचा भाऊ होता. पुण्यातही दरबार बँडसारखे मुस्लिम वादकांचे ताफे विसर्जन मिरवणुकीची शान राहिले आहेत. म्हणजे आमचे गाव जगावेगळे नव्हते.

पण ही गोष्ट एवढीच सांगून गंगाजमनी तहजीबचा हार घालायचा, तर ते अर्धे खोटे होईल. बँड संपला तो फक्त डीजेमुळे नाही. नव्वदीत कॅसिओ आणि कर्णे लावलेली गाडी आली, मग डीजे आला, हे खरे. पण त्याआधी आपणच पाठ फिरवली होती. खुलदाबादला विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) समाच्या मैफलींत रमायचे. त्यांच्या नावाने संदल काढणाऱ्या समाजाने वाजवणाऱ्याला मात्र कायम ‘बाजेवाला’ म्हटले. संदलच्या पुढे तो हवा, दस्तरख्वानावर शेवटच्या रांगेत. त्याच्या मुलीला सोयरीक येताना अडचण. पुढे जमातीत जाणारे तरुण वाढले, तेव्हा तोच तिरस्कार मजहबच्या भाषेत बोलला जाऊ लागला. संगीत हराम की हलाल यावर आलिमांचे मतभेद जुने आहेत, त्यात मी पडत नाही. पण मोहल्ल्यातल्या दहा घरांची चूल त्या पितळेवर पेटते, याचा विचार त्या वादात कुणी केला नाही.

मीही नाही. माझा निकाह मशिदीत, साधेपणाने झाला. त्याचा मला आजही पस्तावा नाही, खर्च वाचला. वलीम्याला मास्तर आले. इस्त्रीचा सदरा, अत्तर. जेवले, दुआ दिली. जाताना हसून एवढेच म्हणाले, “बेटा, सूना सूना लग रहा था.” तीन वर्षांनी ते गेले. जनाजा त्याच जुम्मा मशिदीतून निघाला. शागीर्द बाहेर चपलांपाशी उभा होता. सगळे निघाल्यावर मागून कब्रस्तानापर्यंत चालत आला. पुढे तो पुण्याला गेला. कुठल्याशा सोसायटीत पहारेकरी आहे, असे ऐकले.

स्मरणिका वाचल्यावर मी मास्तरांच्या घरी गेलो. ट्रम्पेट आणि ढोल केव्हाच भंगारात, किलोच्या भावाने. वही होती, पत्र्याच्या पेटीत. नातू मराठी शाळेत शिकलेला, त्याला ती वाचता येत नाही. त्याने ती मला देऊन टाकली. मला उर्दू येते, सरगम कळत नाही. गावातले एक संगीतशिक्षक पेटीवर चाल बसवायला तयार झाले, त्यांना उर्दू येत नाही. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे बसतो. मी एकेक अक्षर मोठ्याने वाचतो, ते बोट ठेवतात. आतापर्यंत अकरा चाली निघाल्या. नऊ ओळखीच्या आहेत. दोन कुठल्या चित्रपटातल्या, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. बहुधा त्या मास्तरांच्या स्वतःच्या असाव्यात.