रंगांधत्व

रंगांमधला, विशेषतः लाल व हिरव्या रंगांमधला, फरक ओळखण्याची क्षमता कमी असणे. हे बहुधा जन्मजात असते. क्वचित आजाराने किंवा औषधांनीही येते. रंगांध माणसाला जग काळे-पांढरे दिसते हा समज चुकीचा. तशी अवस्था फार विरळा.

दृष्टिपटलावरील शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी लाल व हिरव्या संवेदनेशी निगडित रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एकच एक्स असल्याने तिथला बिघाड भरून निघत नाही. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे.

याचे पहिले तपशीलवार शास्त्रीय वर्णन केले ते स्वतः रंगांध असलेल्या जॉन डाल्टन (१७६६–१८४४) यांनी. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या या इंग्लिश शास्त्रज्ञाला १७९२ मध्ये जिरेनियमचे गुलाबी फूल दिवसा आकाशासारखे निळे दिसले आणि मेणबत्तीच्या उजेडात तेच लाल. मित्रांना विचारले, तर सख्ख्या भावाखेरीज कोणालाच असा पालट जाणवेना. १७९४ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेत यावर निबंध वाचला. आपल्या नेत्रगोलातला द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी मृत्यूनंतर डोळा उघडला गेला. द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यांच्या ऊतींची १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली, तेव्हा हिरव्या संवेदनेचे जनुकच नसल्याचे उघड झाले. तर्क चुकला, तरी स्वतःचे डोळे तपासणीसाठी देऊ करणारी ही सत्यनिष्ठा थोरच म्हटली पाहिजे.

जपानी नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा यांची १९१७ मधली ठिपक्यांची चित्रे आजही तपासणीसाठी वापरतात. एका चित्रात सामान्य दृष्टीला ७४ दिसतो, लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला २१. मात्र सामान्य दृष्टीही सर्वांची एकसारखी नसते: लाल संवेदनेच्या रंगद्रव्यातील एका अमिनो आम्लाच्या फरकानेही दोन निरोगी माणसांना रंगांचा मेळ थोडा वेगळा जमतो. मनात उमटणारा रंग सर्वांचा एकच असतो का, हा जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात उपस्थित केलेला प्रश्न मात्र कोणत्याही चाचणीने सुटलेला नाही.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमाला रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने संस्थेचे सर्व अभ्यासक्रम रंगांध उमेदवारांना खुले करण्याचा आदेश दिला. निकाल योग्यच होता. चित्रपट हे अनेकांनी मिळून करायचे काम आहे. रेल्वेचालक व वैमानिक यांच्यासाठी मात्र रंगदृष्टीची अट कडक असते. म्हणून पालकांनी मुलांची ही चाचणी शालेय वयातच करून घ्यावी. तिला काही मिनिटे पुरतात.