ई-मेलमधील चित्रे आणि वाचकाची गोपनीयता

भोपाळमधील ‘चार इमली’ ही वरिष्ठ शासकीय अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वसाहत आहे. इमली म्हणजे चिंच. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर जशी सरकारी निवासस्थाने आहेत, तशीच भोपाळमध्ये ही वस्ती. मध्य प्रदेशचे मंत्रालय असलेल्या वल्लभ भवनात दिवसभर काम करणारे अनेक अधिकारी संध्याकाळी येथे परततात. समजा, अशा एका अधिकाऱ्याला एखाद्या पुरवठादाराचा ई-मेल आला. मजकूर साधा, खाली कंपनीचे बोधचिन्ह. अधिकाऱ्याने तो दुपारी कार्यालयात उघडला, रात्री घरी पुन्हा वाचला आणि दुसऱ्या दिवशी इंदूरच्या सहकाऱ्याकडे पाठविला. उत्तर मात्र दिले नाही. आपण मौन पाळले, अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात तो मजकूर दोनदा वाचला गेला, केव्हा वाचला गेला आणि नंतर दुसऱ्या शहरातही उघडला गेला, एवढे सर्व पुरवठादाराला बसल्या जागी कळलेले असू शकते.

हा प्रसंग कल्पित आहे, परंतु त्यामागील यंत्रणा खरी आहे आणि ती केवळ अधिकाऱ्यांपुरती मर्यादित नाही. बँक, विमा कंपनी, प्रवाससंस्था, खरेदीचे संकेतस्थळ, नोकरीसाठी मुलाखत घेणारी आस्थापना, यांपैकी कोणाचाही ई-मेल उघडणाऱ्या प्रत्येकाचा तिच्याशी संबंध येतो. ही यंत्रणा चालते ती ई-मेलमध्ये दिसणाऱ्या, किंबहुना पुष्कळदा न दिसणाऱ्या, चित्रांच्या आधारे.

चित्र पत्रात नसते

ई-मेलमध्ये चित्र दोन प्रकारे येते. पहिल्या प्रकारात ते पत्रासोबतच पोहोचते. नातेवाइकाने जोडून पाठविलेले चतुर्थीचे छायाचित्र हे याचे उदाहरण. असे चित्र एकदा पेटीत आले की ते पाहण्यासाठी पुन्हा कोणाकडे काही मागावे लागत नाही. दुसऱ्या प्रकारात पत्रात चित्र नसते, केवळ त्याचा पत्ता असतो. चित्र पाठविणाऱ्याच्या, किंवा त्याने नेमलेल्या कंपनीच्या, सर्व्हरवर ठेवलेले असते. वाचक पत्र उघडतो, तेव्हा ई-मेलचा प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन चित्र मागवितो. याला दूरस्थ चित्र म्हणतात.

मागणी आली की सर्व्हरवर तिची नोंद होते. चित्र कोणत्या क्षणी मागितले, मागणी कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, ती कोणत्या प्रकारच्या उपकरणावरून किंवा प्रोग्राममधून आली, या गोष्टी त्या नोंदीत असतात. आयपी पत्त्यावरून वसाहत किंवा घर कळत नाही. साधारणतः शहर आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी कळते. परंतु तेवढेही कमी नाही. दुपारची मागणी कार्यालयाच्या जाळ्यातून आणि रात्रीची घरगुती जोडणीवरून आली, तर माणसाचा दिनक्रम उमटू लागतो.

या नोंदीला नाव चिकटते ते एका साध्या युक्तीने. प्रत्येक वाचकाला पाठविलेल्या पत्रातील चित्राचा पत्ता वेगळा ठेवला जातो आणि त्यात त्या वाचकापुरता एक क्रमांक गुंफलेला असतो. त्या पत्त्यावर मागणी आली, की कोणत्या व्यक्तीला पाठविलेले पत्र उघडले गेले, हे निश्चित होते. चित्र सुंदर असण्याची गरज नसते. एक बिंदू रुंद आणि एक बिंदू उंच असे पारदर्शक चित्र पुरेसे होते. त्यालाच ट्रॅकिंग पिक्सेल म्हणतात.

न विचारता घेतलेली पोच

आपल्या पिढ्यांना ‘रजिस्टर ए.डी.’ परिचित आहे. टपाल हाती घेताना पोस्टमन सही मागत असे आणि सही केलेले कार्ड पाठविणाऱ्याकडे परत जात असे. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी पोचपावतीची कल्पना सर्वांच्या ओळखीची आहे. त्या पद्धतीत दोन गोष्टी स्पष्ट होत्या. सही करणाऱ्याला आपण सही करीत आहोत हे ठाऊक असे आणि ते कार्ड केवळ टपाल मिळाल्याचे सांगे. पाकीट फोडले का, पत्र किती वेळा वाचले, कोणाला दाखविले, हे त्यातून कळत नसे.

दूरस्थ चित्र या दोन्ही मर्यादा ओलांडते. सही वाचक करीत नाही, त्याच्या वतीने प्रोग्राम करतो. आणि पोच मिळते ती वाचण्याची, तीही प्रत्येक वेळी. ‘वाचल्याची पोच द्यावी का?’ असा प्रश्न विचारणारी अधिकृत सोय अनेक प्रोग्रामांत आहे. तेथे वाचकाला नकार देता येतो. चित्राच्या मार्गाने घेतलेल्या पोचेत हा प्रश्नच विचारला जात नाही, हाच गोपनीयतेच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे.

पंचवीस वर्षांची वाटचाल

ई-मेल मुळात निव्वळ मजकुराचे माध्यम होते. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक मांडले, तेव्हापासून चित्र, ध्वनी आणि सजविलेला मजकूर ई-मेलने पाठविण्याची सर्वमान्य पद्धत रूढ झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात वेबपानांची भाषा ई-मेलमध्ये शिरली आणि तिच्याबरोबर दूरस्थ चित्रेही आली. विसावे शतक सरताना गोपनीयतेचे अभ्यासक या अदृश्य चित्रांना ‘वेब बग’ म्हणू लागले होते.

२००६ मध्ये अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे प्रकरण गाजले. संचालक मंडळातील बातम्या बाहेर कशा जातात हे शोधण्यासाठी कंपनीने नेमलेल्या तपासकांनी एका पत्रकार महिलेला बनावट नावाने मागोवा दडविलेला ई-मेल पाठविला होता. ती तो कोणाकडे पुढे पाठविते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेले आणि अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना पद सोडावे लागले. २०१९ मध्ये ‘सुपरह्युमन’ या ई-मेल सेवेवर टीका झाली, कारण तिच्या ग्राहकाला आपले पत्र समोरच्याने केव्हा, किती वेळा आणि कोणत्या ठिकाणी उघडले, हे दिसत असे. टीकेनंतर कंपनीने ठिकाण दाखविणे बंद केले.

या पद्धतीचा प्रसार किती आहे, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील स्टीव्हन एंगलहार्ट, जेफ्री हान आणि अरविंद नारायणन यांच्या २०१८ च्या शोधनिबंधातून दिसते. त्यांनी ९०२ संकेतस्थळांकडून आलेले साडेबारा हजारांहून अधिक ई-मेल तपासले. त्यांपैकी सुमारे ३० टक्के ई-मेल उघडताच वाचकाचा ई-मेल पत्ता एखाद्या तिसऱ्याच कंपनीकडे पोहोचत होता. म्हणजे वाचक ज्याला ओळखतो, तो पाठविणारा एकटाच ही नोंद पाहतो असे नाही.

झळ कोणाला?

विक्रेत्याला आपली जाहिरात किती जणांनी पाहिली हे कळले, तर फार बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु वाटाघाटीत बसलेल्या माणसाची उत्सुकता समोरच्याला कळणे, हे नुकसान आहे. निविदेचा निर्णय घेणारा अधिकारी, पक्षकाराचे पत्र वाचणारा वकील, सूत्राशी संपर्क ठेवणारा पत्रकार, पगाराचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा वाचणारा उमेदवार, या सर्वांना ते लागू पडते.

गोव्याच्या संदर्भात आणखी एक बाजू आहे. पोर्तुगाल, इंग्लंड, आखाती देश येथे स्थायिक झालेल्या अनेक गोमंतकीयांची घरे व जमिनी येथे आहेत. बनावट दस्तऐवजांद्वारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींच्या तपासासाठी राज्यात २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. त्या प्रकरणांत ई-मेलचा असा वापर झाला, असे येथे सुचवायचे नाही. पण उघडलेल्या पत्रातून मालक परदेशात आहे, ही माहिती अनोळखी माणसाला फुकट मिळू शकते, हे अशा कुटुंबांनी ध्यानात ठेवावे.

चिठ्ठी सांकेतिक रूपात पाठविणाऱ्यांनाही ही वाट धोक्याची ठरली आहे. मे २०१८ मध्ये जर्मनी व बेल्जियममधील संशोधकांनी ‘ईफेल’ नावाने एक त्रुटी उघड केली. सांकेतिक ई-मेल हाती लागलेल्या हल्लेखोराने त्यात फेरफार करून तो वाचकाकडे पाठविला, तर काही प्रोग्राम उलगडलेला मजकूर दूरस्थ चित्राच्या मागणीबरोबर हल्लेखोराकडेच पोहोचवीत. दूरस्थ चित्रे रोखणे हा त्यावरील तातडीच्या उपायांपैकी एक होता.

कोणता प्रोग्राम काय करतो

_थंडरबर्ड_ दूरस्थ चित्रे मुळातच रोखून धरतो आणि पत्राच्या वर तशी सूचना देतो. त्या सूचनेतील पर्यायांतून केवळ त्या पत्रापुरती किंवा त्या पाठविणाऱ्यापुरती परवानगी देता येते. सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘अलाउ रिमोट कंटेंट इन मेसेजेस’ ही चौकट रिकामी असावी. शेजारच्या ‘एक्सेप्शन्स’मध्ये दिलेल्या परवानग्यांची यादी दिसते. ती अधूनमधून तपासावी.

_आउटलुक_मध्ये ही रोखण्याची सोय २००३ च्या आवृत्तीपासून आहे. संगणकावरील पारंपरिक आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ट्रस्ट सेंटर’ या क्रमाने जाऊन ‘ऑटोमॅटिक डाउनलोड’ या विभागात चित्रे आपोआप न उतरविण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे.

_जीमेल_ डिसेंबर २०१३ पासून सर्व चित्रे गूगलच्या सर्व्हरमार्फत आणून दाखविते. त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता, पर्यायाने त्याचे शहर, पाठविणाऱ्यापासून झाकले जाते. मात्र चित्राचा पत्ता वाचकापुरता वेगळा असेल, तर पत्र उघडल्याची नोंद होऊ शकते. ती टाळण्यासाठी सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागातील ‘इमेजेस’समोर ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्सटर्नल इमेजेस’ हा पर्याय निवडावा. मोबाइलवरील ॲपमध्येही संबंधित खात्याच्या सेटिंग्जमध्ये ही सोय आहे.

_ॲपल मेल_ने २०२१ मध्ये निराळी वाट घेतली. ‘प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी’ सुरू असेल, तर पत्रातील चित्रे वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, मध्यस्थ सर्व्हरमार्फत आधीच मागविली जातात. आयपी पत्ता झाकला जातो आणि ‘उघडले’ ही नोंदच निरर्थक ठरते. ज्यांना चित्रे मुळीच मागविली जाऊ नयेत असे वाटते, त्यांनी ही सोय बंद करून ‘ब्लॉक ऑल रिमोट कंटेंट’ निवडावे.

_याहू मेल_च्या सेटिंग्जमध्ये ‘व्ह्यूइंग ई-मेल’ या भागात बाहेरची चित्रे दाखविण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय आहे.

अपवाद कसे करावेत

चित्रे रोखल्यावर काही पत्रे ओकीबोकी दिसतात. कधी तिकिटावरील कोड किंवा देयकाचा तक्ताच चित्ररूपात असतो. अशा वेळी त्या एका पत्रापुरती परवानगी द्यावी. ‘या पाठविणाऱ्याची चित्रे नेहमी दाखवा’ हा पर्याय ज्यांच्याशी आपला नित्याचा व विश्वासाचा व्यवहार आहे, त्यांच्यापुरताच राखावा. पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता बनावट लिहिता येतो, म्हणून अपवादांची यादी जितकी आखूड, तितकी बरी. अनोळखी जाहिरातपत्रातील चित्रे कधीही उघडू नयेत. तसे केल्याने आपला पत्ता वापरात असल्याची खात्री पाठविणाऱ्याला पटते. काही प्रोग्रामांत यादीशेजारच्या चौकटीत पत्राची झलक दिसते. तेथेही चित्रे मागविली जाऊ शकतात, हे विसरू नये.

मर्यादा

चित्रे रोखल्याने सर्व पाळत संपत नाही. पत्रातील दुव्यावर टिचकी मारली, की तीच माहिती दुसऱ्या मार्गाने जाते. जोडलेली फाइल उघडल्यावरही काही वेळा ती बाहेर संपर्क साधते. तसेच मध्यस्थ सर्व्हरची सोय घेतो, तेव्हा पाठविणाऱ्यापासून जे झाकले, ते सेवा देणाऱ्या कंपनीला दिसते. पत्रे तिच्याकडेच असतात, हे वास्तव बदलत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. चित्रे रोखलेला वाचक पत्र वाचूनही ‘न वाचलेला’ ठरतो आणि ॲपल मेल वापरणारा न वाचताही ‘वाचलेला’ ठरतो. त्यामुळे ‘तुम्ही पत्र उघडल्याची आमच्याकडे नोंद आहे’ असा दावा कोणी केला, तर तो पुरावा म्हणून निर्विवाद मानण्याचे कारण नाही.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कायद्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी, हे या कायद्याचे सूत्र आहे. कोणी, केव्हा, कोठून पत्र वाचले, ही ओळखता येणाऱ्या व्यक्तीविषयीचीच माहिती आहे. अदृश्य चित्रातून ती घेताना वाचकाची अशी संमती कोठे घेतली, हा प्रश्न या सूत्रातून आपसूक उभा राहतो.

कायदा आपल्या गतीने चालेल, पण सेटिंग्जमधील एक पर्याय बदलण्यास दोन मिनिटे पुरतात. पत्राला उत्तर द्यावे की मौन राखावे, हा निर्णय वाचकाचा असतो. चार इमलीतील अधिकाऱ्याइतकाच तो म्हापशातील पेन्शनरचाही आहे, आणि तो प्रोग्रामाने परस्पर घेऊ नये एवढीच काळजी आपण घ्यायची आहे.