तिसरी फेज आणायची कुठून?

या वीकेंडचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या बाजारात कधी फिरलात तर बंद पडलेल्या कारखान्यांतले छोटे लेथ, ड्रिल मशीन, ग्राइंडर पडलेले दिसतील. दणकट बिडाचं काम आणि किंमत आपल्या एखाद्या मोबाईलपेक्षा कमी. हात शिवशिवतात अगदी! पण मोटरची नेमप्लेट वाचली की उत्साह मावळतो : ४१५ व्होल्ट, ३ फेज. आपल्या फ्लॅटमध्ये येते ती सिंगल फेज, २३० व्होल्ट. आता?

एका मित्राने मला हाच प्रश्न विचारला. मी पडलो कोड लिहिणारा, पण डिग्री इंजिनिअरिंगची असल्यामुळे 'माहीत नाही' म्हणायची सोय नाही :) म्हणून वाचायला बसलो, आणि कळलं की हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे.

आधी थोडी थिअरी (घाबरू नका, परीक्षा नाही). जात्याचा खुंटा धरून नुसता एका रेषेत पुढे-मागे ओढला तर जातं फिरेल का? नाही. सिंगल फेज म्हणजे तशी पुढे-मागे ओढाताण. तेच तिघं जण गोल उभे राहिले आणि एकामागून एक, आपापल्या पाळीला खुंटा ढकलू लागले तर जातं आपोआप गरगरेल. ही झाली थ्री फेज. मात्र एक गंमत लक्षात ठेवा. जातं एकदा कुणी फिरवून दिलं तर पुढे एकट्याच्या ओढीवरही ते फिरत राहतं. पुढची सगळी गोष्ट या गमतीवर उभी आहे.

फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचली. इटलीत तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिसने मार्च १८८८ मध्ये आपला निबंध वाचला. टेस्लाला अमेरिकेत १ मे १८८८ रोजी पेटंट मिळाली. पण दोघांच्या पहिल्या मोटरी दोन फेजच्या. आज आपण वापरतो ती तीन फेजची मोटर १८८९ मध्ये जर्मनीतल्या एईजी कंपनीत मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने घडवली. १८९१ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिचा जाहीर प्रयोग झाला. लाउफेन गावच्या नदीवर तयार झालेली वीज तीन तारांवरून १७५ किलोमीटर आणली गेली. तिच्यावर हजार दिवे लागले आणि १०० हॉर्सपॉवरची एक मोटर चालली. त्या मोटरने पंप फिरवून एक कृत्रिम धबधबा पाडून दाखवला. हौस बघा!

इथून जगाची एक वाटणी झाली. तीन फेज गेल्या कारखान्यात. घरी फक्त दिवे लावायचे, म्हणून घराला एकच फेज पुरे. तांब्याच्या हिशोबाने हे बरोबरच होतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट न बोलता ठरून गेली : मोठं यंत्र चालवायची जागा घर नाही.

ही वाटणी ओलांडायचा प्रयत्न लगेच सुरू झाला, आणि तोही खुद्द फेरारिसकडूनच. त्याचा तुरीनमधला तरुण सहकारी रिकार्डो आर्नो याच्याबरोबर १८९० च्या दशकात त्याने एक युक्ती मांडली. शहरात दिव्यांसाठी सिंगल फेजच्या तारा आहेतच ना? मग त्यांच्यावर एक मोटर नुसती रिकामी फिरत ठेवा. सुरुवातीचा धक्का बाहेरून द्या, पुढे ती आपली आपण फिरेल. फिरणारा रोटर मोटरच्या मोकळ्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज तयार करतो. म्हणजेच तिसरी फेज! ती त्याच मोटरमधून काढायची आणि शेजारच्या कामाच्या मोटरला द्यायची.

पुढे रेल्वेने ही युक्ती उचलली, कारण त्यांची अडचण हीच होती : डोक्यावर तार एक आणि हव्या फेज तीन. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने १९१५ पासून कोळशाच्या गाड्या ओढायला अशी इंजिनं वापरली. हंगेरीत काल्मान कांडोने फेज कन्व्हर्टरवर आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. १९३१ मध्ये तो गेला, आणि त्याचं व्ही-४० इंजिन रुळावर आलं १९३२ मध्ये.

आणि आपल्याकडे? विदर्भ-खानदेशच्या मित्रांनो, भुसावळ-नागपूर मार्गावर डब्ल्यूएपी-४ किंवा डब्ल्यूएजी-७ इंजिनामागे बसून तुम्ही नक्की प्रवास केला असेल. या जातीच्या इंजिनांत ब्लोअर आणि कॉम्प्रेसरच्या मोटरींना तीन फेज पुरवणारं एक फिरतं यंत्र बसवलेलं असायचं. त्याचं नाव आर्नो कन्व्हर्टर. होय, तोच आर्नो! नंतर अनेक इंजिनांत त्याची जागा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरने घेतली.

मित्राला मी तीन रस्ते सांगितले. पहिला, कपॅसिटर जोडून तिसऱ्या फेजचा आभास करायचा. स्वस्त, पण मोटरची साधारण दोन-तृतीयांशच ताकद मिळते. दुसरा, आर्नोसारखी एक रिकामी मोटर फिरत ठेवायची. तिसरा आणि आज सगळ्यात सोपा, व्हीएफडी : आलेल्या विजेचा डीसी करून त्यातून नव्याने तीन फेज घडवणारा डबा, जेवणाच्या डब्याएवढाच. फक्त तो २३० व्होल्टच देतो, म्हणून मोटरची जोडणी स्टारमधून डेल्टात बदलावी लागते (लहान मोटरींत बहुधा जमतं). आणि हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

पण वाचताना माझ्या डोक्यात घुमत राहिला तो आपल्या गावचा शेतकरी. लोडशेडिंगच्या वर्षांत शेतीला तीन फेज ठराविक तासच, तेही बऱ्याचदा रात्री. बाकी वेळ घरातल्या दिव्यांपुरती सिंगल फेज. डोळ्यांदेखत पीक वाळतंय, विहिरीत पाणी आहे, तारेत वीजही आहे, फक्त दोन फेज कमी! मग लोकांनी कपॅसिटर लावून त्या सिंगल फेजवर पंप चालवले. वीज कंपनीच्या लेखी हा गुन्हा. त्यांचंही खोटं नव्हतं : सगळा भार एकाच फेजवर आला की ट्रान्सफॉर्मर जळतो आणि अख्खं गाव अंधारात. म्हणून गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याच्या योजना आल्या.

कपॅसिटर लावणाऱ्याने फेरारिसचं नाव ऐकलेलं नसणार. तरी त्याने सोडवलेला प्रश्न तोच होता, आणि उत्तरही त्याच घराण्यातलं. एकाचं उत्तर रेल्वेने इंजिनात बसवलं, दुसऱ्याचं वायरमनने तोडून नेलं. फरक अकलेचा नव्हता. कुणाच्या दारात किती तारा जाव्यात हे कुणी ठरवलं, एवढाच होता.