आफ्रिकन सिक्लिड : घरगुती टाकीतील पालन व पैदास (सटाणा-बागलाण परिसर)

आफ्रिकन सिक्लिड : सिक्लिडी कुलातील, आफ्रिकेच्या नद्या-सरोवरांत राहणारे गोड्या पाण्यातील मासे. शोभेचे मासे पाळणाऱ्यांमध्ये हे नाव मुख्यतः मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतील रंगीत जातींना लावले जाते. निळा, पिवळा, नारिंगी असे समुद्री माशांत शोभणारे भडक रंग गोड्या पाण्यात हवे असतील तर या माशांना पर्याय नाही. हे कुल महाराष्ट्राला अगदीच परके नाही. उजनीसह अनेक धरणांत जाळ्याला लागणारी चिलापी ही मूळची आफ्रिकन सिक्लिडच आहे आणि गोवा-सिंधुदुर्गाच्या खाड्यांतील कालुंदर हा याच कुलातला, पण अस्सल भारतीय मासा आहे. प्रस्तुत नोंद नाशिक जिल्ह्यातील सटाणा आणि त्याभोवतालचा बागलाण तालुका डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण हे मासे पाळताना पहिला प्रश्न माशाचा नसून पाण्याचा असतो.

मूळ अधिवास : मलावी सरोवर सुमारे ५८० किमी. लांब आणि ७०० मी. खोल आहे. टांगानिका त्याहूनही खोल (सुमारे १,४७० मी.) असून बैकल सरोवरानंतर जगात त्याचाच क्रमांक लागतो. व्हिक्टोरिया विस्ताराने अफाट, पण उथळ आहे. एकट्या मलावीत सिक्लिडच्या आठशेच्या आसपास जाती असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या जगात अन्यत्र कुठेही नाहीत. खडकाळ किनाऱ्याला धरून राहणाऱ्या तिथल्या लहान माशांना एम्बुना म्हणतात. हे मासे खडक सोडून मोकळ्या वाळूचा पट्टा सहसा ओलांडत नाहीत. त्यांची पिल्लेही आईच्या तोंडातून बाहेर पडल्यावर त्याच कपारींत वाढतात. त्यामुळे एकाच जातीचे रंग किनाऱ्यागणिक वेगळे होत गेले. लॅबिडोक्रोमिस कॅरुलियस ही जात याचे ठळक उदाहरण. सरोवराच्या बऱ्याच भागांत ती पांढरट वा निळसर असते. जगभरच्या टाक्यांत फिरणारा तिचा हळदी-पिवळा प्रकार मात्र पश्चिम किनाऱ्यावरील लायन्स कोव्ह भागातला आहे. सरोवराच्या दक्षिण टोकाचे राष्ट्रीय उद्यान १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

पाणी : सटाणा आरम नदीकाठी वसले आहे. आरम आणि मोसम या दोन्ही नद्या पुढे गिरणेला मिळतात. सगळा प्रदेश दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. या खडकातून झिरपलेले विहिरीचे व बोअरचे पाणी सामान्यतः जड आणि अल्कलीधर्मी असते. भांड्यांवर पांढरे थर साचवणारे आणि साबणाला फेस येऊ न देणारे हे पाणी निऑन टेट्रा, डिस्कस अशा मऊ पाण्याच्या माशांना सोसत नाही, पण मलावी-टांगानिकाच्या माशांना मानवते. मलावीच्या पाण्याचा सामू ७·८ ते ८·६ आणि टांगानिकाचा ९ च्या आसपास असतो. या बाबतीत एक गैरसमज घट्ट बसलेला आहे : पाणी जितके जड तितके चांगले. मलावीचे पाणी खरे तर मध्यमच जड आहे, आपल्याकडच्या कित्येक विहिरींपेक्षा हलके. माशांना गरज असते ती स्थिर सामूची. म्हणून चांगल्या विहिरीच्या पाण्यात वेगळे क्षार घालत बसू नये. आरओचे पाणी तर मुळीच वापरू नये, कारण त्यातून सामू धरून ठेवणारे क्षारच निघून गेलेले असतात. नगरपरिषदेच्या नळाचे पाणी असेल तर त्यातला क्लोरीन हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) घालवावा. शेताजवळच्या विहिरीत खतांमधून नायट्रेट उतरलेले असण्याची शक्यता असते, तेव्हा मोजणी करूनच ते पाणी टाकीत घ्यावे.

अल्कलीधर्मी पाण्याला एक धोकाही चिकटलेला आहे आणि नवखे लोक नेमके इथेच मासे गमावतात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी भाग किती, हे सामू व तापमान ठरवतात. २८° से. तापमान आणि ७ सामू असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. तेच तापमान असताना सामू ८·३ झाला की हा वाटा सुमारे १२ टक्क्यांवर जातो. म्हणजे मऊ पाण्याच्या टाकीत खपून जाणारी चूक इथे एका रात्रीत टाकी रिकामी करू शकते. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकी माशांविना चालवावी, किंवा जुन्या टाकीतला वापरातला स्पंज आणून नव्या फिल्टरमध्ये घालावा. त्यानंतर दर आठवड्याला सुमारे ३० टक्के पाणी बदलत राहावे. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यावर नुसती भर घालणे पुरेसे नाही. वाफ होऊन पाणी जाते, क्षार मागेच राहतात आणि भर घालत गेले की ते साचत जातात.

टाकी व मांडणी : एम्बुनांसाठी चार फुटी टाकी (४८ × १८ × १८ इंच, सुमारे २५० लि.) ही किमान समजावी. पाणी, काच आणि दगड धरून तिचे वजन तीनशे किलोंच्या वर जाते, त्यामुळे स्टँड लोखंडी आणि जमीन समतल हवी. तळाशी धुतलेली नदीची बारीक वाळू घालून त्यावर दगडांची रास रचतात. दगड आधी थेट काचेवर किंवा थर्माकोलच्या पट्टीवर बसवावेत आणि वाळू मग भरावी, कारण हे मासे वाळू उपसतात आणि वाळूवर टेकवलेला दगड घसरून काच फोडतो. बागलाणचा काळा दगड या कामाला उत्तम. त्यातल्या पोकळ्यांत कॅल्साइटचे चमकणारे खडे असले तरी या माशांना त्यांचा अपाय नाही. काळजी घ्यायची ती दगड कुठून उचलला याची. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत बोर्डो मिश्रण मारले जाते. त्यातले मोरचूद म्हणजे तांबे, आणि तांबे माशांना अत्यंत विषारी. बागेच्या बांधावरचे दगड, फवारणीचे पिंप, औषध कालवायची बादली यांपैकी काहीही टाकीजवळ आणू नये. ही सूचना इतर कोणत्याही शहरात गौण ठरली असती, बागलाणात ती पहिल्या पानावर हवी.

मासे ठेवायचे ते दाटीने. एम्बुना भांडखोर असतात आणि टाकीत सहा-सात मासे असतील तर दांडगा नर एकेकाला हेरून मारतो. पंधरा-वीस मासे असले की त्याचा राग विभागला जातो. प्रत्येक नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. दाटी ठेवायची तर फिल्टर जोरदार हवा आणि हवेचा पुरवठा अखंड हवा. वीज गेली की मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात आणि काही तासांत फिल्टरमधले जिवाणूही प्राणवायूविना मरू लागतात. बॅटरीवरचा एअर पंप किंवा इन्व्हर्टर ही इथे चैन नव्हे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ३०० वॉटचा हीटर लावून पाणी २५-२७° से. ठेवावे.

खाद्य : बहुतेक एम्बुना खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारे आहेत आणि त्यांचे आतडे लांब असते. त्यांना स्पिरुलिनायुक्त दाणे, उकडलेला वाटाणा, पालक द्यावा. मांस व रक्तकिडे यांचा मारा केला की पोट फुगते, विष्ठा पांढरी दोरीसारखी होते आणि मासा खाणे सोडतो. याला ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. उशिरा लक्षात आल्यास उपाय सहसा चालत नाही. ऑलोनोकारा (पीकॉक) आणि सायनोक्रोमिस फ्रायरी हे मात्र मांसाहारी आहेत, त्यामुळे त्यांना एम्बुनांसोबत ठेवले की दोघांपैकी एकाचा आहार बिघडतोच.

पैदास : मलावीच्या जवळपास सर्व जातींत मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. विणीला आलेला नर सपाट दगड साफ करतो किंवा वाळूत खळगा करतो. त्याचा रंग गडद होतो आणि तो मादीसमोर आडवा होऊन, पर फुलवून थरथरतो. मग दोघे गोल फिरू लागतात. मादी दोन-चार अंडी टाकते आणि लगेच वळून ती तोंडात उचलते. नराच्या गुदपरावर पिवळे-नारिंगी ठिपके असतात. मादी त्या ठिपक्यांना तोंड लावते, त्याच क्षणी नर रेत सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. हे ठिपके अंड्यांची नक्कल आहेत, ही कल्पना वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ मध्ये मांडली. ठिपक्यांच्या नेमक्या कार्याबद्दल नंतर बराच वाद झाला आहे. टाकीसमोर बसून हा प्रकार पाहिला की तो लक्षात ठेवावा लागत नाही, तो राहतोच.

अंडी धरलेली मादी ओळखणे सोपे आहे. गळ्याखाली फुगवटा येतो, जबडा मिटलेला राहतो आणि काही न खाता ती मधूनमधून चावल्यासारखी हालचाल करते. ती आत अंडी फिरवत असते, म्हणजे त्यांना हवा लागते आणि बुरशी धरत नाही. साधारण तीन आठवडे ती उपाशी असते. अंडी सुमारे आठवड्याभरात फुटतात आणि बलक संपेपर्यंत पिल्ले तोंडातच राहतात. पहिल्या काही दिवसांत मादीला हलवले तर ती अंडी थुंकते किंवा गिळते. दुसरा आठवडा उलटल्यावर, रात्री दिवे बंद करून, तिला वेगळ्या लहान टाकीत न्यावे. पिल्ले सोडल्यावर लगेच मोठ्या टाकीत परत टाकू नये. उपासाने खंगलेल्या मादीवर बाकीचे तुटून पडतात, म्हणून आठवडाभर चांगले खाऊ घालून मगच सोडावे. काही पाळणारे मादीचे तोंड उघडून पिल्ले आधीच काढून घेतात. पिल्ले जास्त वाचतात हे खरे, पण गरज नसताना तसे करू नये असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. नव्या मादीला पहिली एक-दोन वेते फसू द्यावीत, ती शिकते.

एका वेळी दहा ते पन्नास-साठ पिल्ले मिळतात. ती जन्मतःच एक सेंटिमीटरच्या आसपास आणि पूर्ण पोहणारी असल्याने कुटलेले स्पिरुलिना व नुकताच फुटलेला आर्टेमिया पहिल्या दिवसापासून खातात. स्पंज फिल्टर आणि वारंवार पाणी बदल एवढे सांभाळले की दोन-तीन महिन्यांत ती विकण्याजोगी होतात.

टांगानिकाच्या जाती वेगळ्या पठडीतल्या. निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस हा दीड-दोन इंची मासा रिकाम्या शंखात राहतो व तिथेच अंडी घालतो. त्याला पाणगोगलगायीचे स्वच्छ शंख पुरतात आणि दोन फुटी टाकीतही त्याची वसाहत उभी राहते. ज्यांना चार फुटी टाकी झेपत नाही त्यांनी याच जातीपासून सुरुवात करावी. निओलॅम्प्रोलॉगस ब्रिकार्डीमध्ये थोरली भावंडे धाकट्यांची राखण करतात. याच सरोवरातला सिनोडोंटिस मल्टिपंक्टेटस हा मार्जारमीन सिक्लिडची वीण चालू असताना आपली अंडी त्यांत मिसळतो. कावळ्याच्या घरट्यातल्या कोकिळेच्या पिल्लाप्रमाणे त्याची पिल्ले परक्या आईकडे वाढतात, फरक इतकाच की ती तिच्या तोंडातली तिचीच पिल्ले खातात.

वंशशुद्धी : या माशांची पैदास करणे कठीण नाही. कठीण आहे ते जात जशीच्या तशी राखणे, आणि पाळणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. मलावी व व्हिक्टोरियाच्या कितीतरी जाती एकमेकींपासून इतक्या अलीकडे फुटल्या आहेत की त्यांचा संकर सहज होतो व संकरित पिल्ले सुपीकही निघतात. निसर्गात त्यांना वेगळे ठेवते ती प्रामुख्याने मादीची निवड, आणि निवड होते रंगावरून. ओले झीहाउझेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये व्हिक्टोरियात दाखवून दिले की पाणी गढूळ होऊन रंग दिसेनासे झाले तिथे जातींमधला भेद पुसला जातो. टाकीत स्वजातीचा नर नसला की हेच घडते. तेव्हा दिसायला सारख्या किंवा एकाच प्रजातीतल्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत, आणि ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लांवर पैदास करू नये. पीकॉकच्या पिल्लांना लहानपणीच भडक रंग असेल तर त्यांना संप्रेरक दिल्याची शंका घ्यावी. एरवी त्या वयात नर-मादी दोन्ही करडेच असतात.

व्हिक्टोरियात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. १९८० च्या दशकापर्यंत, त्याच्या भक्ष्यस्थानी पडून आणि पाणी बिघडून, तिथल्या सुमारे दोनशे सिक्लिड जाती दिसेनाशा झाल्या. त्यांतल्या काही मत्स्यालयांत व हौशी पाळणाऱ्यांच्या टाक्यांतच उरल्या आहेत. म्हणून प्रत्येक टाकीवर जातीचे पूर्ण नाव, मूळ ठिकाण आणि मासे आणल्याची तारीख लिहिलेली असावी. पिल्ले दुसऱ्याला देताना हीच चिठ्ठी सोबत द्यावी. नाव हरवलेला मासा कितीही देखणा असला तरी पैदाशीच्या कामाचा राहत नाही.

खरेदी-विक्री : मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला ही राज्यातील जुनी ठिकाणे. चेन्नईतील कोलाथूर हे देशातले मोठे पैदास केंद्र आहे. बाहेरून आणलेले मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच मुख्य टाकीत सोडावेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा घटक आहे. त्यात ३ लाख रुपये प्रकल्पखर्च धरून सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली.

नको झालेले मासे : आरम, मोसम, केळझर वा हरणबारी धरण, गावविहीर, शेततळे यांपैकी कुठेही हे मासे सोडू नयेत. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. तिच्या प्रसारावर १९५९ मध्येच बंदीची शिफारस झाली, तरीही ती देशभरच्या जलाशयांत पसरली आणि स्थानिक माशांच्या जागा तिने घेतल्या. टाकीतून सुटलेला सकर मासा आज उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतो. जास्तीचे वा संकरित मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा पैदास न करण्याच्या अटीवर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. मासा बरा न होण्याइतका आजारी असेल तर लवंगेचे तेल थोड्या पाण्यात घुसळून त्या द्रावणात ठेवल्यास तो गुंगीत जाऊन वेदनेविना मरतो. हालचाल थांबल्यानंतरही त्याला दहा-पंधरा मिनिटे द्रावणातच ठेवावे आणि मग मातीत पुरावे.