गिरणगावातील खाणावळ : पंगत, पत आणि शेजार

घराबाहेर अन्न घेणे ही गोष्ट महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात दीर्घकाळपर्यंत केवळ भुकेची अथवा सोयीची नव्हती. ती प्रथमतः आचाराची होती. अन्न कोणी रांधले, पाणी कोणी भरले, वाढले कोणी आणि शेजारच्या पाटावर कोण बसले, या प्रश्नांचा उलगडा झाल्यावाचून परक्या घरचा घास घशाखाली उतरत नसे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा ठेवण्यात आला, त्या मंडळीत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली, ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांच्या अधिकाराने चौकशी झाली आणि प्रायश्चित्तेही घेतली गेली. पेलाभर चहाने एका शहरातील विद्वान वर्ग दोन वर्षे ढवळून निघाला.

घराबाहेरील खाण्यापिण्याचा आपला इतिहास बहुधा अशा प्रसंगांवरूनच लिहिला जातो. ग्रामण्ये, सहभोजने, १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी उघडलेले अखिल हिंदू उपाहारगृह, हे त्याचे ठरीव टप्पे होत. परंतु पुण्यात पंचहौदाचा वाद रंगला होता त्याच काळात मुंबईच्या परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत हजारो कामकरी पुरुष नात्यागोत्यात नसलेल्या बाईच्या घरी रोज दोन वेळ जेवत होते, आणि त्याबद्दल कोठे ग्रामण्य झाल्याचे ऐकिवात नाही. ते आचाराविषयी उदासीन होते म्हणून असे झाले, हे उत्तर सोपे असले तरी खरे नव्हे. खाणावळ ही त्यांच्या दृष्टीने ‘बाहेर’ नव्हतीच. गावातील घराचा तो शहरात सरकवलेला उंबरठा होता. गिरणगावातील शेजाराचे पुष्कळसे गुणदोष या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांच्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली व दोन वर्षांनी ती ताडदेव येथे प्रत्यक्ष चालू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांची रांग उत्तरेकडे सरकत गेली आणि त्यांच्या धुराड्यांभोवती चाळी उठल्या. या चाळींत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेला माणूस बहुशः एकटा असे. जमिनीचा तुकडा, आईबाप व बायकामुले गावी. मुंबईत तो व त्याची वळकटी. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सुमारे सव्वापाचशे भरली. शहराची ही सरासरी पाहता कामकरी वस्तीतील चुलींची टंचाई निराळी वर्णन करण्याची गरज नाही. एका गावचे लोक मिळून एक खोली भाड्याने घेत, पाळीपाळीने तीत निजत, ट्रंका भिंतीला लावून ठेवत. धोबीतलावाच्या परिसरात गोमंतकीय ख्रिस्ती खलाशांचे जे ‘कूड’ होते, तेही गावागावांचेच. मात्र निजण्याची सोय गावकीने झाली तरी जेवणाची होत नव्हती. तेथे खाणावळवाली उभी राहिली.

या संस्थेचा जन्म एकट्या पुरुषाच्या स्थलांतरातून झाला, हे उलट उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका हा पर्जन्यछायेतील कोरडवाहू मुलूख. १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता, आणि बीडपेक्षा अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, त्याला जवळचे. पोटासाठी गाव सोडणे आष्टीलाही चुकलेले नाही. पण तेथील माणूस निघाला तो प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या उसाच्या फडावर, आणि निघाला तो जोडीने. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा व बायको असे दोघे. उचल जोडीवर मिळते, काम जोडीने होते, आणि पाचटाच्या कोपीपुढे तीन दगडांची चूल दिवसभर मोळ्या बांधून आलेली तीच बाई पेटवते. सहा महिने गावाबाहेर काढूनही त्या मजुराला खाणावळ लागत नाही, कारण त्याची खाणावळ त्याच्या बरोबरच चालत असते. गिरणीने पुरुषाला घरापासून तोडले. फडाने घरच उचलून नेले. त्यामुळे गिरणगावात रांधण्याच्या श्रमाला निदान दाम मिळाला, फडावर तो कोयत्याच्या मजुरीतच गडप झाला. आष्टीकडील टोळ्यांमध्ये दाट भावकी आहे, पण परक्यांना एकत्र बसविणारी अशी जेवणाची संस्था तिच्यातून उभी राहू शकली नाही, याचे कारण स्वभावात नसून स्थलांतराच्या घडणीत आहे.

गिरणगावची खाणावळ म्हणजे बहुधा चाळीतील एक खोली. चालविणारी बाई गिरणी कामगाराची पत्नी असे किंवा विधवा. १९३० नंतर गिरण्यांतील स्त्रियांची कामे जसजशी कमी होत गेली तसतसा हा धंदा अनेकींचा एकमेव आधार झाला. जेवणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणत. या इंग्रजी शब्दाने गिऱ्हाईक आणि घरचा माणूस यांच्या मधली जी जागा दाखविली, तिला मराठीत नेमका शब्द नव्हता. मेंबर बाईला मावशी, काकी अथवा वहिनी म्हणत. पैसे महिन्याचे, पगाराच्या दिवसानंतर द्यावयाचे. जितक्या वेळा जेवण चुकले तितके ‘खाडे’ धरून वजावट करावयाची. खाड्यांवरून होणारी घासाघीस हा या व्यवहारातील नित्याचा भाग होता. आदल्या दिवशी सांगून ठेवलेला खाडा निराळा आणि न सांगता पडलेला निराळा, कारण दुसऱ्यात भाकरी थापून झालेली असे. रविवारी दुपारी मटण किंवा काही गोडाधोडाचे, आणि संध्याकाळी चूल बंद, हा प्रघात सर्वत्र आढळतो.

दिवसाचे वेळापत्रक गिरणीच्या भोंग्यावर बेतलेले असे. पहिल्या पाळीचा माणूस निघण्यापूर्वी त्याचा डबा तयार हवा, रात्रपाळीचा परतला की त्याचे ताट मांडलेले हवे. यामुळे खाणावळवालीची स्वतःची पाळी कधी संपतच नसे. खोली एकच असल्याने पंगतीही तुकड्यातुकड्यांनी बसत. एका पंगतीचे उष्टे उचलून जमीन पुसली की दुसरी. जेवताना गावचे पत्र वाचून दाखविणे, कोणत्या खात्यात बदली कामगार घेत आहेत याची खबर देणे, गणपतीला व शिमग्याला गावी जाणाऱ्याजवळ पैसे व कापड धाडणे, भजनी मंडळाची वर्गणी ठरविणे, ही कामे याच वेळात उरकली जात. गिरणीत नोकरी लावणारा जॉबर कित्येकदा स्वतःच खोल्या व खाणावळ यांच्या व्यवहारात असे. अशा ठिकाणी जेवणे ही भुकेबरोबर नोकरीचीही तजवीज ठरे. तेथून उठून दुसरीकडे जेवावयास जाणे मग सोपे राहत नसे. मावशीच्या मायेची वर्णने पुष्कळ आढळतात. या बांधिलकीची त्यामानाने थोडी.

पंगत कोणाची, हा प्रश्न येथेही होताच. तो विचारला जात नसे इतकेच, कारण खाणावळ निवडतानाच तो सुटलेला असे. माणूस आपल्या गावच्या, तालुक्याच्या, बहुशः आपल्याच जातीच्या बाईकडे जेवे. गावचा म्हणताना जातीचा हे गृहीतच होते. गिरणीतील स्थितीशी हे जुळणारे होते. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, आणि त्याचे कारण पुन्हा तोंडाचेच होते: धोट्यातील सुताचे टोक बाहेर काढण्यासाठी विणकर ते तोंडाने ओढीत असे, व तोच धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. विणकाम हे अधिक पगाराचे काम. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. ज्या कामगाराला खात्यात जागा नव्हती त्याला त्या खात्यातल्यांच्या खाणावळीतही नव्हती. त्याची खाणावळ निराळ्या चाळीत, निराळ्या वस्तीत. एकाच गिरणीत, एकाच संपात, एकाच मोर्चात असलेली माणसे संध्याकाळी ज्या पंगतींत विखुरत, त्या पंगती एकमेकींना शिवत नव्हत्या. गिरणगावच्या एकजुटीविषयी लिहिताना हा तपशील वगळणे इतिहासाला धरून होणार नाही.

परक्याशेजारी परका बसावयाचा तो इराण्याकडे. याझ्द व केरमान या भागांतून आलेल्या जरथुश्त्री इराण्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाची दुकाने थाटली. धोबीतलावाचे कयानी १९०४ चे. इराणी हा हिंदू जातिव्यवस्थेच्या उतरंडीत कोठेच बसत नसल्याने त्याच्या हातच्या चहाला वरखालपणा चिकटला नाही. संगमरवरी मेजावर कोण आधी बसून गेला याची चौकशी करणे शक्यही नव्हते. चहा हेच मुळात नवे पेय. चहाच्या उत्पादकांनी पहिल्या महायुद्धापासून गिरण्या व कारखाने यांतून त्याचा हेतुतः प्रसार केला होता, आणि त्याला कोणत्याही जातीचा जुना विधिनिषेध नव्हता. भाकरी जातीची राहिली व चहा सर्वांचा झाला, असे दृश्य त्यामुळे दिसू लागले. वर्तमानपत्र वाचणे, युनियनच्या वर्गणीची बोलणी, संपाची कुजबुज यांना खाणावळीपेक्षा इराण्याचे दुकान अधिक मानवे, कारण तेथे जॉबरच्या मावशीचे कान नसत. तथापि चहावर पोट भरत नाही. रोजचा दोन वेळचा आधार खाणावळच होती, आणि संपाच्या दिवसांत तिची कसोटी लागे.

खाणावळीचा सारा डोलारा उधारीवर उभा होता. मेंबर महिनाभर उधार जेवे, बाई वाण्याकडून महिनाभर उधार धान्य आणी, आणि पगार लांबला तर बाईला सावकाराकडे अथवा रुपयामागे महिना आणा व्याज घेणाऱ्या पठाणाकडे जावे लागे. सरकारी कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगारवर्गाच्या खर्चाची जी पाहणी केली, तीत एकट्या राहणाऱ्या पुरुषांचेही हिशेब घेतले गेले. त्या हिशेबांत खाणावळीचे पैसे खर्चाच्या रकान्यात येतात. त्याच पैशांची दुसरी बाजू, म्हणजे बाईची देणी, तिचे दागिने, वाण्याची वही, मात्र कामगाराच्या अंदाजपत्रकात मावत नाही. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. अशा संपात पुष्कळ कामगार गावी निघून जात. राहत त्यांना कोणी खाऊ घालावे हा प्रश्न युनियनच्या निधीइतकाच खाणावळीच्या चुलीवर येऊन पडे. संपाचा खर्च कामगार सोसतो असे म्हणण्याची रूढी आहे. त्यातील मोठा वाटा वाण्याच्या वहीत बाईच्या नावावर चढत असे.

ही बाजू प्रथम संघटित रूपाने पुढे आली ती १९७५ साली. १९७४ च्या आरंभीचा बेचाळीस दिवसांचा गिरणी संप नुकताच होऊन गेला होता. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून व पुढे कम्युनिस्ट चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. मंडळाने पहिली मागणी गिरणीमालकाकडे केली नाही, ती राष्ट्रीयीकृत बँकेकडे केली: या बायकांना तारणावाचून अल्प व्याजाचे कर्ज द्या. प्रेमाताईंचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी होते, ही गोष्ट येथे उपयोगी पडली असावी. खोली नवऱ्याच्या नावाची, दागिने आधीच गहाण, अक्षरओळख नाही, अशा स्त्रीची पत कशावर ठरवावयाची? तिच्याकडे रोज जेवणाऱ्या माणसांवर. कामगारांच्या पोटाला आधार देणारी बाई हीही कामगारच आहे, हे तत्त्व बँकेच्या कागदावर उतरले, हे या मंडळाचे मोठे कार्य होय. एरवी डाव्या चळवळीलाही ते सहज सुचले नव्हते.

मध्यंतरी राज्यघटनेने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली होती, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने ‘हॉटेल’ या शब्दाच्या व्याख्येत बोर्डिंगगृहाचाही समावेश केला होता. पाटी लावलेल्या हॉटेलाविरुद्ध तक्रार करता येत होती. पाटी नसलेल्या, ओळखीवाचून कोणी येत नसलेल्या आणि रात्री जेथे बाईचे कुटुंब निजते अशा खोलीविरुद्ध कोण व कशी तक्रार करणार? तेथील मज्जाव दारावर लिहिलेला नव्हता. तो सैल झाला तो कायद्याने फारसा नव्हे. मेंबर कमी पडू लागले, बाईला कर्जाचे हप्ते फेडावयाचे होते, तेव्हा मिळेल तो मेंबर घेणे भाग पडले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. आरंभीच्या महिन्यांत खाणावळी चालू राहिल्या, कारण पूर्वीचे संप संपले होते तसा हाही संपेल असा हिशेब होता. मग मेंबर गावी गेले, काही परतलेच नाहीत, आणि त्यांची बाकी वहीत तशीच राहिली. कामावरून गेलेल्या कित्येकांनी नाक्यावर वडापावाच्या गाड्या टाकल्या. परळच्या रस्त्यावर घराबाहेरचे खाणे प्रथमच उभ्याने, पाटावाचून आणि पंगतीवाचून सर्रास होऊ लागले. १९९५ नंतर सरकारी योजनेतून एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. तीही पुढे टिकली नाहीत. अन्नपूर्णा मंडळ मोठ्या स्वयंपाकाच्या व उपाहारगृहांच्या कामाकडे वळले, नवी मुंबईत वाशीला त्याने स्त्रियांसाठी वसतिगृह उभारले, आणि प्रेमा पुरव यांना २००२ साली पद्मश्री देण्यात आली. गिरण्यांच्या जागी मनोरे व दुकानांची संकुले आली. त्यांत काम करणाऱ्यांसाठी डेलाईल रोड व लालबागच्या उरलेल्या चाळींतून अजूनही डबे निघतात. त्यांवर खाडे धरले जातात, पण जेवणारा माणूस पाटावर येत नाही, आणि डबा करणाऱ्या बाईला तो बहुधा ओळखतही नाही.